मंजुरी सागरच्या नावानं

३ नोव्हें., सोम.

सुमनने सागरचा फोन आज परत पुसला. रोज पुसते, चार्जिंगला लावते, मग देवळीत ठेवते. आमचं पोरगं जाऊन अडीच महिने झाले आणि फोन मात्र कायम शंभर टक्के. मी काही बोलत नाही. बोलून काय होणार.

सकाळी दहाला वाजला. ईमेलवर इंग्रजी पत्र, लांबलचक. अशी दोन आधीही आली होती, लांब आहेत म्हणून मी सोडून दिली होती. या वेळी वर 'शेवटची आठवण' असं काहीतरी, म्हणून डिक्शनरी घेऊन बसलो. ३१ वर्षं कारखान्यात क्वालिटीला होतो, इंग्रजी ड्रॉइंगं पाठ, पण ड्रॉइंग बोलत नाही फार. दुपारपर्यंत एवढं कळलं की पाणसळमध्ये भोक आहे.

पाणसळ म्हणजे सागरचा प्रोग्राम. धरणांवर, टाक्यांवर छोटी यंत्रं बसवतात, ती पाण्याची पातळी पाठवतात, पाणसळ ती गोळा करून दाखवतं. कॉलेजात असताना पहिलं यंत्र कासारसाईच्या धरणावर लावलं, मी शिडी धरली होती. पुढं प्रोग्राम सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला. कुणीही उघडून बघा, चूक दिसली तर सुधारून पाठवा. "आण्णा, झाकलेल्या यंत्रावर भरवसा ठेवू नये," म्हणायचा.

आता त्याच्यात भोक.

४ नोव्हें., मंगळ.

पौडला रेश्माकडं. सागरची कॉलेजची मैत्रीण, पाणसळ दोघांनी मिळून वाढवलेलं. हिंजवडीत नोकरी, मंगळवारी घरून काम करते. वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानातच, काउंटरपाशी उभ्या उभ्या तिने पत्र वाचलं. चेहरा उतरला.

"काका, हे खरं आहे. नाव रिकामं सोडलं तर पासवर्ड विचारतच नाही."

म्हणजे काय ते मला कळेना. मग म्हणाली, दाराला कुलूप आहे, पण जो नावच सांगत नाही त्याला दार उघडं. कुणीही घुसावं आणि पाण्याची खोटी पातळी लिहावी. टाकी कोरडी असताना भरलेली. किंवा धरण भरलेलं असताना रिकामं.

पत्र पाठवणारा परदेशातला. बाई की बुवा, नावावरून कळत नाही. अशी भोकं शोधणं हा त्याचा धंदा. पद्धत अशी की आधी गुपचूप मालकाला कळवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा, मग जगाला सांगायचं. त्याने दोन महिने दिले होते. २० तारखेला संपतात. दोन पत्रांना उत्तर नाही.

मी विचारलं, "सागरच्या मागं तू बघत होतीस ना गं?"

मान खाली घातली. "नाही काका. त्याच्या नावाचं काही दिसलं की... मी सगळंच बंद करून ठेवलं."

तिला काय बोलणार. मीही त्याची खोली बंदच ठेवली आहे.

५ नोव्हें., बुध.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर रेश्मा घोटावड्याला आली, लॅपटॉप घेऊन. परदेशी तपासनिसाला उत्तर लिहिलं. उशीर का झाला ते सांगणं भाग होतं. ती वाक्य अर्धवट टाइप करून थांबली. पुढचा शब्द मी दाबला, एका बोटाने.

सुमन चहा ठेवून तिथंच बसली. तिला सांगितलं, सागरच्या प्रोग्रामात चूक सापडली आहे. "त्याच्या हातनं चूक? व्हनार न्हाई," म्हणाली आणि आत गेली.

होणार नाही असं मलाही वाटतं. पण मी बापही आहे आणि इन्स्पेक्टरही. माल कुणी केला हे बघून टॅग लावायचा नसतो. मापात नसेल तर लाल. उभ्या जन्मात मित्रांच्या मालाला लावला, साहेबाच्या भाच्याच्या मालाला लावला, शिव्या खाल्ल्या. आता पोराच्या कामाला. आणि पोरगं उत्तर द्यायला नाही, "आण्णा, परत मोजा" म्हणायला नाही. फार वाईट वाटतं. दुसरा शब्द नाही.

६ नोव्हें., गुरु.

तपासनिसाचं उत्तर. सागरबद्दल चार ओळी, मनापासून लिहिल्यासारख्या. एक आठवडा वाढवून दिला. आता २७ तारीख.

अनोळखी माणूस. मला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला.

७ नोव्हें., शुक्र.

आज हे लिहून टाकतो. रेश्माला सांगितलेलं नाही, सुमनला नाही. वहीला तरी सांगावं.

सागर दुसऱ्यांचे बदल तपासून मंजूर करायचा. त्याने मंजुरी दिली की बदल आपोआप प्रोग्रामात जायचा. फोनवर हिरवं बटण येतं, ते दाबायचं. जेवताना दाबायचा, पण आधी खोलीत तासतासभर वाचलेलं असायचं. नियमच होता, आपलं काम आपण ओके करायचं नाही, दुसऱ्या डोळ्यांखालून गेलंच पाहिजे. "हे तुमच्याच कारखान्यातलं आहे आण्णा," म्हणून मला चिडवायचा, पण मला बरं वाटायचं.

तो गेला आणि बटणं येतच राहिली. मी दाबली. न वाचता. वाचून तरी काय कळणार होतं.

का दाबली? दशक्रियेला नदीवर कावळा शिवेना. गणपतीचे दिवस, पलीकडच्या गावात स्पीकर लागलेला, इकडं पिंड ठेवून आम्ही तासभर उभे. सागरचे मामा म्हणाले, सुमनला अंतर देणार नाही. नाही शिवला. चुलत्यांनी काय काय कबूल केलं. नाही शिवला. शेवटी मी पुढं झालो, हात जोडले, म्हणालो, "सागर, तुझं काम थांबू देणार नाही." आणि शिवला.

सगळ्यांसमोर दिलेला शब्द. घरी आल्यावर चार दिवसांनी फोन वाजला, हिरवं बटण आलं. मला वाटलं, हेच ते काम.

सुमननेच मला फोन उघडायचा कसा ते दाखवलं. बोटाने रेघ काढायची, सागरची बघून बघून तिला पाठ झाली होती.

आज मोजले. अकरा वेळा. ३१ वर्षांत न मोजता एका नगावर शिक्का मारला नाही. आणि पोराच्या नावाचा शिक्का अकरा वेळा, डोळे मिटून.

९ नोव्हें., रवि.

रेश्माला सांगितलं. घरात नको म्हणून तिला रस्त्याच्या कडेला, आंब्याखाली नेलं. आधी कळलंच नाही तिला. मग कळलं.

"न वाचता, काका?"

"व्हय."

"तुम्ही कारखान्यात असं केलं असतं?"

ती रागावली होती आणि रडतही होती, दोन्ही एकदम. म्हणाली, सागरला रोज कुणी ना कुणी मागं लागायचं, मंजूर कर, लवकर कर, तुझ्यामुळं अडलंय. तो ऐकायचा नाही. मंजुरी आली की लोक डोळे झाकून घेतात, सागरचं नाव बघून. म्हणजे माझं नाही, त्याचं नाव खर्ची पडलं.

नंतर शांत झाली. म्हणाली, "चूक माझीही आहे. एकाच माणसाच्या हातात सगळी किल्ली ठेवायचीच नसते. तो गेला त्या आठवड्यात मी ती काढून घ्यायला हवी होती. माझ्याच्याने झालं नाही."

भोक माझ्या अकरांतल्याच एकातून आलं असणार, दोघांनाही वाटतं. पण आधी गळती बंद करायची, चौकशी मागून. कारखान्यातही तसंच.

एक गोष्ट लिहितो, लाज वाटते तरी. भोक माझ्यामुळं असेल तर सागरचं नाही. हा विचार आला तेव्हा छाती हलकी झाली.

११ नोव्हें., मंगळ.

सागरच्या खात्याची किल्ली आज काढली. म्हणजे त्या नावाने आता काही मंजूर होणार नाही, फोन वाजणार नाही. सुमनला आधी सांगावं म्हणून रेश्माच बोलली.

"आवं, पोरं आजून त्याला इचारत्यात," सुमन मला म्हणाली, रेश्माकडं न बघता. "त्याला काडलं तर इचारनार कुनाला?"

रेश्मा म्हणाली, "नाव राहणार आहे काकू, ज्यांनी सुरू केलं त्यांच्यात पहिलं. फक्त किल्ली काढायची."

"किल्ली काडली की घरचा मानूस पावना व्हतो," सुमन म्हणाली. "करा तुमाला काय करायचं ते."

मी तिला आमच्या भावकीची गोष्ट सांगितली. मयताचं नाव सातबाऱ्यावर वीस वीस वर्षं तसंच ठेवतात, मायेपोटी म्हणा, आळसापोटी म्हणा, आणि एक दिवस मेलेल्या माणसाच्या अंगठ्याने जमीन विकली जाते. मुळशीत हे कुणाला सांगायला नको. तिला पटलं, पण पटल्याने काय होतं. जेवली नाही.

बटण रेश्माने दाबलं. 'खात्री आहे का' असं विचारत होतं. मी हो म्हणालो.

१५ नोव्हें., शनि.

रेश्माने दुरुस्ती लिहिली. नाव रिकामं असेल तर आता दार बंद. तपासायला तिला दुसरा माणूस पाहिजे, आणि ऑफिसातल्या कुणाला २७ तारखेआधी सांगता येत नाही. मी म्हणालो, मी बघतो. मला कोड कळत नाही, पण माल कुठं फसतो ते कळतं.

वहीत लिहून काढलं. नाव रिकामं. नाव एका अक्षराचं. हजार अक्षरांचं. मराठी आकड्यांचं. नुसतं टिंब. एकेक घालून बघत गेलो, तिने लॅपटॉप माझ्याकडं सरकवून दिला होता. तेविसावं: नावाच्या जागी काही न लिहिता नुसता स्पेस. दार उघडलं!

"रेश्मा, हितं बघ."

तिने बघितलं, कपाळावर हात मारला आणि हसायला लागली. "काका, तुम्ही आधी कुठं होता?" पंधरा मिनिटांत तेही बंद केलं. मग माझ्या वहीतल्या सगळ्या चाचण्या तिने प्रोग्रामातच बसवल्या. आता कुणीही काहीही बदल पाठवला की आधी त्याला या सगळ्या गेजमधून, मापांच्या साच्यांतून, जावं लागणार, माणूस थकलेला असो, दुःखात असो, नसो.

शिवाय नियमांचा कागद लिहिला. मंजुरीला दोन माणसं, एकाने भागणार नाही. कुणी सोडून गेला किंवा... तर त्याची किल्ली त्याच आठवड्यात काढायची. घाई करणाऱ्याला जास्त वेळ लावायचा, हे माझं. भोक सापडलं तर कुणाला गुपचूप कळवायचं त्याचा पत्ता, आणि तो पत्ता एकाच माणसाचा नको.

दिवस चांगला गेला. संध्याकाळी हे लक्षात आलं आणि कसंतरी झालं. त्याच्याशिवाय चांगला दिवस.

१८ नोव्हें., मंगळ.

रेश्माचा फोन, दु. १२. "काका, तुमच्या अकरांत नाही."

म्हणजे सागरचंच.

"सागरचंही नाही. तो जिवंत असताना नाही आलं. एक अनोळखी माणूस आहे, ऑगस्टभर मागं लागला होता. त्याचा बदल. मुद्दाम केलं की चुकून, अजून सांगता येत नाही. मंजुरी ३० ऑगस्टची, सकाळी १०.४१."

पोरगं सुटलं. मी फोन ठेवला आणि अंगणात येऊन रडलो. आमच्या भाडेकरूंपैकी एक बिहारी मुलगा ड्यूटीवर निघाला होता, त्याने विचारलं, "अंकल, तबीयत ठीक है?" ठीक है म्हणालो. खरंच ठीक वाटत होतं. सागरचं काम मापात होतं. शेवटपर्यंत मापात.

हे सगळं अर्धा तास. मग डोक्यात आलं, ३० ऑगस्ट. दहावा दिवस. १०.४१ ला मी नदीवर हात जोडून उभा होतो.

रेश्माही तिच्या वडिलांबरोबर आली होती तिथं, मागं बायकांत उभी.

१९ नोव्हें., बुध.

त्या दिवशी घरी सुमन होती. नदीवर यायला तिचा पाय निघेना. सोबतीला तिची थोरली बहीण, पण तिला फोन उघडता येत नाही. रेघ सागर आणि सुमन दोघांनाच माहीत. मला तर नंतर कळली.

२१ नोव्हें., शुक्र.

दुपारी वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो दोघं. सहज विचारल्यासारखं विचारलं, दशक्रियेच्या दिवशी फोन वाजला होता का गं.

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून सागरबद्दल बोलली.

"वाजत व्हता की. सारका. अक्का म्हनाली बंद कर, म्या न्हाई केला. कोन तरी लई कळवळून इचारतंय असं वाटत व्हतं. मग म्या उगडला. त्यो दाबायचा तसं हिरवं दाबलं. लगीच तिकडनं हात जोडल्यालं चित्र आलं बघा, दोन हात. म्या म्हनलं, पोचलं."

मी शेंगा सोलत राहिलो.

"आन तुमी घरी आल्यावर म्हनला, कावळा शिवत नव्हता, पावनेअकराला शिवला. म्या घड्याळ बगितलं व्हतं ना दाबताना. म्या हिकडं दाबलं आन तिकडं त्यो शिवला. त्याचा जीव त्यातच आडकल्याला. कुनाला बोलले न्हाई म्या. तुमाला वाटंल येडी."

म्हणालो, "न्हाई वाटत."

"त्या येका गोष्टीवर हाय बघा मी," म्हणाली, आणि शेंगा घेऊन उठली.

मला वाटत होतं, तो माझ्या शब्दाने शिवला.

२२ नोव्हें., शनि.

काही लिहावंसं वाटत नाही. तिला कळलं तर ती

२४ नोव्हें., सोम.

जाहीर करायचा मजकूर. भोक काय होतं, कसं आलं, कसं बुजवलं, पुढं काय काळजी घेणार. सागर असले मजकूर इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही टाकायचा, म्हणून दोन्ही करायचे. मराठी मी लिहितो आहे.

रेश्मा म्हणाली, "आमच्या कामात कुणी केलं ते लिहीत नाहीत काका. कसं होऊ शकलं ते लिहायचं. दोष माणसाला नाही, पद्धतीला द्यायचा."

चांगली चाल आहे. आमच्या कारखान्यात असती तर चार माणसं देशोधडीला लागली नसती. पण त्या बदलाशेजारी मंजुरी म्हणून सागरचं नाव आहे, आणि ती नोंद कुणालाच खोडता येत नाही, कधीच. खुलासा नाही केला तर जग म्हणणार, सागरने डोळे झाकून मंजूर केलं. तो त्याआधी दहा दिवस गेला होता हे लिहिलं, तर मग कुणी केलं, हे आलंच.

म्हणालो, "लिही, वडिलांनी केलं."

"काका, वेळ बघितली का तुम्ही?"

"मला घड्याळ कळतं."

"मीपण होते तिथं."

"म्हाईत हाय."

मग रेश्माच म्हणाली, "'घरातल्या व्यक्तीकडून' असं लिहू? खोटंही नाही, आणि..."

घरात व्यक्ती किती? दोन. एक नदीवर. सुमनने आधीच सांगून ठेवलं आहे, मजकूर मला वाचून दाखवायचा, सागरचं नाव दोषातून सुटलं का ते ऐकायचं आहे. तिला बोटं मोजता येतात.

रेश्मा म्हणाली, "पुढचे लोक या नोंदीवरून शिकणार. तीच चुकीची असली तर..." मी स्वतः एका नव्या इन्स्पेक्टरला खोट्या रीडिंगसाठी सगळ्यांसमोर उभं केलं होतं. एकच रीडिंग होतं, त्याने रडून पाय धरले होते. सोडलं नाही मी त्याला.

'वडिलांनी' असंच लिहिलं. इंग्रजीत रेश्माने ती जागा रिकामी ठेवली आहे. म्हणाली, परवा सांगा.

२५ नोव्हें., मंगळ.

तपासनिसाला दुरुस्ती दाखवली, त्याने चारी बाजूंनी ठोकून बघितली. फुटली नाही. त्याने विचारलं, स्पेसची गोष्ट कुणी पकडली, ती त्याच्याही नजरेतून सुटली होती. रेश्माने माझं नाव कळवलं. आता मंजुरीच्या दोन माणसांतला एक तुम्ही व्हा, असं ती म्हणते. मी म्हणालो, खोट्या नोंदीवर सही करणाऱ्याला?

ती म्हणाली, अजून सही केलेली नाही तुम्ही.

२६ नोव्हें., बुध.

सकाळी सुमनला मजकूर वाचून दाखवला. ती पायरीवर बसली होती, मी खुर्चीत. सागर गेला ती तारीख आली तेव्हा पदर तोंडाला लावला, पण म्हणाली, वाचा. पुढं वाचलं. या प्रोग्रामाचे संस्थापक त्यापूर्वीच निवर्तले होते, सदर चूक त्यांची नाही. इथं तिने दोन्ही हात जोडले, कुणाला ते माहीत नाही. मग वाचलं, दि. ३० ऑगस्ट रोजी सकाळी त्यांच्या वडिलांनी त्यांच्या फोनवरून, न तपासता, मंजुरी दिली.

"कवा म्हनला?"

तारीख परत वाचली. मुद्दाम भरभर.

समोरच्या घरातली बाई अंगण झाडत होती, सुमन तिकडं बघत होती. मग म्हणाली, "तुमी तर तवा नदीवर व्हता."

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"म्या दाबलं, त्येच का वो?"

हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी घडीकडं. नंतर उठून आत गेली. भांडी घासायचा आवाज येतो आहे, पण भांडी तिने सकाळीच घासली होती.

रेश्माचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. उद्या अकराला जाहीर करायचं आहे. तो एक शब्द सोडून बाकी सगळं तयार आहे.